सव्वापट, पाऊणपट

एज ऑफ एम्पायर्स या संगणकावरच्या लढाईच्या खेळाच्या दुसऱ्या भागातला भालेवाला म्हणजे अगदी स्वस्तातला गडी. ३५ अन्न, २५ लाकूड, सोनं शून्य. जीव ४५, हल्ला अवघा ३. समोरून येतो नाइट, म्हणजे घोडेस्वार : जीव १००, हल्ला १०, अंगावर दोनाचं चिलखत, किंमत ६० अन्न आणि ७५ सोनं. थाटच वेगळा.

आता वजाबाकी करा. भाल्याच्या तिनातून चिलखताचे दोन गेले, उरला एक. त्यावर खास घोड्यांसाठी राखून ठेवलेले १५. म्हणजे प्रत्येक टोचणीला १६ आणि सातव्या टोचणीला नाइट आडवा. पण नाइटला पाचच वार पुरतात आणि त्याचा हातही भराभर चालतो. एकास एक लावले तर मरतो भालेवालाच.

"मामा, याले घोड्याचा काळ म्हणते लोकं, अन् हा तं मरूनच राह्यला न!" भाचा वैतागला. म्हटलं, दोन पाठव. एका नाइटच्या किमतीत दोन येतात, वर थोडी चिल्लर उरते. एक कामी येतो, दुसरा घोडा पाडतो. मग समोरच्याने धनुर्धारी आणले की हे दोघेही लांबूनच खलास, ते निराळं.

मला त्यातला सगळ्यात आवडता नियम म्हणजे चिलखत कितीही जाड असो, लागलेल्या घावाला निदान एक तरी जीव जातोच. शून्य कुणाच्याच पदरात पडत नाही.

आणि टेकडी. उंचावरून मारलं तर घाव सव्वापट, खालून वर मारलं तर पाऊणपट. हे भाच्याला समजावताना नागपूरची बर्डीच आठवणार, दुसरं काय! नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर इंग्रजांची फौज बसली होती. खाली भोसल्यांचं सैन्य, संख्येने कितीतरी जास्त. त्यांच्यातल्या अरबांनी छोटी टेकडी घेतलीसुद्धा आणि तिथून मोठ्या टेकडीवर मारा सुरू केला. इथवर सगळं खेळातल्यासारखं. पुढे कॅप्टन फिट्झजेराल्डचं घोडदळ मैदानात घुसलं, टेकडीवर अरबांचा दारूगोळ्याचा गाडा उडाला, त्या गोंधळात इंग्रजांच्या शिपायांनी छोटी टेकडी परत घेतली आणि लढाई फिरली.

हा गोंधळ कुठल्या आकड्यात बसवायचा? खेळातला भालेवाला ४५ जीव असताना जितक्या जोराने टोचतो, तितक्याच जोराने एक जीव उरल्यावरही टोचतो. शेजारचा पडला तरी त्याचा हात कापत नाही, पाय मागे सरत नाही. वजाबाकी इतकी चोख, पण भीतीचा रकानाच नाही. माझ्या मते खेळातली सगळ्यात मोठी उणीव हीच. भाच्याला तसं बोललोही.

"मंग अर्धे तं लढायच्या आधीच पळून जातीन, मामा," तो म्हणाला. "मी खेळू कोनाच्या भरोशावर?"