सुटका तर सोडाच

आज मावसभावाला घेऊन म्हापशाला वकीलबाईंकडे गेलो होतो. पर्यटकांना बाइक भाड्याने द्यायचा त्याचा धंदा बसलाय. "दिवाळखोरी जाहीर करतो आणि मोकळा होतो," हे कुठल्याशा रीलवरून उचललेलं. रील अमेरिकेतली!

बाईंनी शांतपणे हवा काढली. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींचा भाग फक्त कंपन्यांच्या जामीनदारांना लागू झालाय, तोही डिसेंबर २०१९ पासून. इकडे बाकीच्यांना १९२० चा इंग्रजांच्या काळातला कायदा. ५०० रुपयांचं कर्ज असलं तरी त्यात अर्ज करता येतो म्हणे! पण दिवाळखोर ठरलात की मालमत्ता कोर्टाच्या नाहीतर कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात. तारण दिलेल्या बाइक बँक तरीही उचलणारच. कोर्ट मुक्त करेपर्यंत कंपनीचा संचालक होता येत नाही, पंचायतीवर निवडून जाता येत नाही (इथे आमच्या भाऊसाहेबांचा चेहरा पडला). आणि आपण दिवाळखोर आहोत हे न सांगता ५० रुपयांची उधारी केली तरी सहा महिन्यांपर्यंत कैद. ५० रुपयांत हल्ली धड जेवण तरी येतं का?

त्याला खरा घाम फुटला तो जामीनदारावरून. हा सुटला तरी जामीनदार सुटत नाही, आणि सही मेव्हण्याची आहे. त्यात गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक, नि वहिनीला अजून कशाचाच पत्ता नाही.

सोमवारी बँकेत हप्ते कमी करून मागायला जातोय. वहिनीला सांगायचं काम मात्र माझ्या गळ्यात पडलंय.