चौकार मला दिसतोय, पुढचं बोला

शनिवार, रात्री

आज वैतागून टीव्हीचा आवाज बंद केला. चेंडू सीमारेषेपार गेला हे मला दिसतंय, समालोचक तेच ओरडून सांगतो. स्लिपमधला माणूस आत्ताच डीप पॉइंटला का गेला, हे मात्र कुणी बोलत नाही. बाकी गप्पा स्वतःच्या जुन्या सामन्यांच्या, नाहीतर प्रायोजकांच्या.

मग चित्र टीव्हीचं आणि आवाज रेडिओचा, असं करून पाहिलं. जमत नाही. टीव्हीचं प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं; कानात विकेट पडलेली असते आणि पडद्यावर गोलंदाज अजून मनगटाने चेंडू उडवत मागे चाललेला. शेवटी टीव्हीच बंद केला.

रेडिओवाल्याला आळस परवडतच नाही. तो थांबला की ऐकणाऱ्यापुरता सामना थांबला. २२ जानेवारी १९२७ ला बीबीसीने आर्सेनल आणि शेफील्ड युनायटेडचा फुटबॉल सामना आर्सेनलच्या हायबरी मैदानावरून ऐकवला, तेव्हा 'रेडिओ टाइम्स'ने मैदानाचे आकडे घातलेले चौकोन छापले होते. टेडी वेकलम खेळ सांगायचे, दुसरा आवाज मध्येच चौकोनाचा आकडा पुकारायचा. लोक घरी कागदावर बोट ठेवून चेंडूमागे फिरायचे! मला तर हे आजच्या रंगीत ग्राफिक्सपेक्षा भारी वाटतं.

टीव्हीवर गप्प बसायची कला लागते. ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार आणि समालोचक रिची बेनों यांचा नियमच होता, चित्रात भर घालता येत नसेल तर तोंड उघडू नये. हल्ली एका वेळी तिघं-तिघं माइकवर असतात, गप्प बसायचं कुणी?

पण बोलावं तर इयन स्मिथसारखं. २०१९ चा विश्वचषक, लॉर्ड्सवरची इंग्लंड-न्यूझीलंड अंतिम लढत, सुपर ओव्हरचा शेवटचा चेंडू. स्मिथ स्वतः न्यूझीलंडचा माजी यष्टिरक्षक. न्यूझीलंडचा गप्टिल दुसऱ्या धावेसाठी वळला, तेव्हा थ्रो अजून हवेत होता आणि हा सांगून मोकळा, की तो यष्टिरक्षकाच्याच टोकाला यायला हवा. आला. इंग्लंडचा यष्टिरक्षक बटलरने बेल्स उडवल्या. सुपर ओव्हरही बरोबरीत, इंग्लंड चौकार-षटकारांच्या हिशेबावर जगज्जेतं. स्वतःच्या देशाचा संघ असा हरलेला, तरी या माणसाने आधी इंग्लंडचा जल्लोष सांगितला, न्यूझीलंडचं दुःख त्यानंतर.