रंगीत कागदावर पांढरी छपाई : माझा अनुभव

गडद निळ्या जाड कागदावर पांढऱ्या अक्षरांत निमंत्रणपत्रे छापायची, तीही घरच्या रंगीत लेझर प्रिंटरवर, असे मी ठरवले तेव्हा अडचण मुळातच होती. घरगुती प्रिंटर सायन (आकाशी निळा), मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळा आणि काळा या ४ रंगांवर चालतो. पांढरा त्याच्याजवळ नसतोच. मजकुरात जिथे पांढरे असेल तिथे तो काहीच छापत नाही आणि कागदाचा पांढरेपणा उसना घेतो.

पांढऱ्या कागदावर निळी पार्श्वभूमी छापून अक्षरांची जागा कोरी ठेवण्याचा उपाय मी आधी करून पाहिला. अक्षरे सुरेख उमटली. पण टोनर, म्हणजे लेझर प्रिंटरची रंगीत पावडर, फार खर्च झाला, कडेला न छापता येणारी पांढरी पट्टी राहिली आणि पत्र उलटताच मागची बाजू पांढरी दिसू लागली. इंकजेटमध्ये पांढरी शाई भरण्याचा विचारही मी सोडून दिला. त्या शाईतील टायटॅनियम डायऑक्साइडचे जड कण तळाशी बसतात आणि नोझल, म्हणजे शाई फवारणारी बारीक छिद्रे, तुंबवतात. म्हणूनच पांढऱ्या शाईसाठी बनवलेल्या यंत्रांमध्ये ती सतत ढवळती ठेवण्याची सोय असते.

अखेर काळ्याच्या जागी बसणारे पांढऱ्या टोनरचे कार्ट्रिज मी घेतले. ते नेमके आपल्याच मॉडेलसाठीचे असणे आवश्यक आहे, कारण पावडरीचा विद्युतभार आणि वितळण्याचे तापमान प्रिंटरशी जुळावे लागते. माझ्या प्रिंटरमध्ये ड्रम, म्हणजे टोनर कागदाकडे नेणारा दंडगोल, कार्ट्रिजमध्येच असल्याने अदलाबदल स्वच्छ झाली. जिथे ड्रम वेगळा असतो तिथे उरलेला काळा टोनर मिसळून सुरुवातीची पाने राखाडी येऊ शकतात. प्रिंटरला मात्र या बदलाचा पत्ताही नसतो. काळा टोनर भरपूर असल्याचेच तो सांगत राहतो.

खरे काम फाइलमध्ये होते. जे पांढरे हवे ते सगळे १०० टक्के काळे करावे लागते. राखाडी छटा ठेवल्यास प्रिंटर ती ठिपक्यांनी छापतो आणि ठिपक्यांमधून निळा कागद डोकावतो. शिवाय छपाई रंगीत पर्यायावर राहिली तर ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारे संगणकातले सॉफ्टवेअर) काळा रंग चारही टोनर मिसळून तयार करू शकतो, आणि मग पांढऱ्यात इतर रंग मिसळून अक्षरे गढूळ होतात. म्हणून ‘फक्त काळा’ हा पर्याय निवडणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. बारीक वळणाच्या फाँटमध्ये वेलांट्या आणि रफार तुटक आले, तेव्हा ठळक फाँट घेतला.

कागद गुळगुळीत हवा. खरबरीत कागदाच्या खळग्यांत टोनर पोचत नाही. कागदाचा प्रकार ‘जाड’ असा निवडल्यावर त्याला अधिक उष्णता मिळाली आणि आधी नखाने निघणारी अक्षरे पक्की बसली. मोठे भरीव आकार तरीही किंचित विरळच दिसतात, त्यामुळे रुंद पट्टी वगळून मी नुसती रेघ ठेवली.

एका कोपऱ्यात पिवळे फूल हवे होते. नुसता पिवळा टोनर गडद निळ्यावर जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे फुलाचा आकार आधी पांढऱ्यात छापून तोच कागद पुन्हा घालून वर पिवळा छापला. एकाच फेरीत दोन्ही थर छापता आले असते. पण मग पांढरा वर बसेल की खाली, हे प्रिंटरच्या रचनेवर अवलंबून असते. दुसऱ्या फेरीत कागद थोडा सरकतोच, म्हणून पांढरा आकार पिवळ्यापेक्षा किंचित लहान काढला. पांढऱ्याबाहेर गेलेली पिवळी कड निळ्या कागदावर शोधूनही सापडत नाही.