टाकळ्याचे दिवस

मृगाचा पाऊस लागून आठ-दहा दिवस झाले की आमच्या परड्यात पाय ठेवायला जागा उरत नाही. गेल्या वर्षी नवा कोरा ग्रास कटर आणला, तासाभरात परडं भुईसपाट केलं आणि शाबासकीची वाट बघत ओट्यावर येऊन बसलो. आईने बाहेर डोकावून पाहिलं.

"अरे, आजची भाजी कापून टाकलंस मरे!"

भाजी म्हणजे टाकळा. मी ज्याला रान समजत होतो, त्याचे वाटे लावून बायका बाजारात बसतात आणि मीच ते वीस-वीस रुपयांना घेत आलो होतो.

यंदा मग आईच्या हाताखाली उमेदवारी सुरू केली. टाकळ्याच्या एका देठावर पानांच्या बहुधा तीन जोड्या, टोकाला गोलसर, शेवटची जोडी सगळ्यांत मोठी. चुरगळली की उग्र वास येतो. दिवेलागणीला पानं मिटून घेतो, म्हणून सकाळी ओळखलेलं झाड संध्याकाळी परकं वाटतं. एवढ्या ज्ञानावर एक दिवस मी ऐटीत टोपलीभर खुडून आणला. आईने तो सुपात पसरला आणि त्यातला निम्मा बाजूला काढला.

"ह्यो टाकळो नाय. कासविंदो."

बघितलं तर खरंच, पानं टोकदार आणि जोड्या चार-पाच. दोघेही जवळचे भाऊबंद, पण उत्तर प्रदेशात कासविंद्याच्या बिया खाऊन लहान मुलं दगावली आहेत. त्या दिवशी भाजी थोडी झाली, पण झाली झकास: कांदा, हिरवी मिरची, मातीचा लेप देऊन राखलेल्या फणसाच्या आठळ्या आणि वरून ओलं खोबरं. शिजल्यावर उग्रपणा जातो आणि चव मेथीच्या अंगाने जाते. पानं मात्र कोवळीच हवीत.

गुलाबाच्या कुंडीतून मी दोन वर्षं इमानेइतबारे उपटत होतो ती आंबुशी. तीन बदामी पानं, चावलं की आंबट. तिची आता चटणी होते; गुलाब काही अजून फुललेला नाही. तेऱ्याच्या, म्हणजे रानअळूच्या, वाटेला मी जात नाही. त्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, आमसूल कमी पडलं की घसा खाजतो आणि घरातले सगळे माझ्याकडे बघतात. एकदांडी मात्र शिकावी लागली नाही, शाळेच्या वाटेवर फुटलेल्या गुडघ्यांवर तिचाच पाला चोळला होता.

श्रावण सरता सरता टाकळ्याला पिवळी फुलं आली, लांब शेंगा लोंबू लागल्या, पानं राठ झाली. आता काप, असं आईच म्हणाली. मी कटरमध्ये पेट्रोल भरलं. तेवढ्यात ती काठ्यांची मोळी घेऊन परड्यात उतरली आणि एकेका तेरड्याभोवती काठ्या रोवायला लागली. गौरीला मुळासकट तेरडा लागतो.

कटर मांडीशी घेऊन मी ओट्यावर बसून आहे. तिच्या अजून निम्म्याच काठ्या रोवून झाल्यात.