आयर्न कमावतं, पटर उडवतो

जपानी गोल्फपटू हिदेकी मात्सुयामाचा स्विंग पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की व्हिडिओ अडकला. क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, वर जातो आणि तिथेच थबकतो, चांगला डोळ्याला दिसेल इतका. मग खाली येतो. ही गंमत समजून घ्यायची तर त्या क्षणी क्लबकडे बघूच नका, त्याच्या कमरेकडे आणि डाव्या गुडघ्याकडे बघा. हात वर थांबलेले असताना वजन डाव्या पायाकडे सरकायला लागलेलं असतं. आधी कंबर, मग खांदे, मग हात आणि शेवटी क्लबचं डोकं, हा क्रम त्यामुळे मोडत नाही. हौशी मंडळी नक्कल करताना अख्खं शरीर थांबवतात. मग क्लब पुन्हा हलवायला खांद्यांनाच ओढावं लागतं, क्लब बाहेरून आत येतो आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडे वळत झाडीत जातो.

त्याची दुसरी खूण म्हणजे फटक्यानंतरचा चेहरा. एक हात ग्रिपवरून सुटतो, मान खाली जाते. बघणारा म्हणतो, गेला बंकरच्या वाळूत. कॅमेरा ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवतावर, पोहोचतो तेव्हा चेंडू झेंड्यापासून दहा फुटांवर पडलेला असतो. यात नाटक नसावं, त्याचा नेमच तेवढा बारीक आहे.

जन्म २५ फेब्रुवारी १९९२चा, शिकोकू बेटावरच्या एहिमे प्रांतातल्या मात्सुयामा शहरात. आडनाव आणि गाव एकच. चौथ्या वर्षी वडिलांनी हातात क्लब दिला. पुढे सेंदाईच्या तोहोकू फुकुशी विद्यापीठात शिकत असताना २०१० साली त्याने आशियाई हौशी स्पर्धा जिंकली आणि त्यातून अमेरिकेतल्या ऑगस्टाचं, म्हणजे मास्टर्सचं निमंत्रण मिळालं. गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांना मेजर म्हणतात, मास्टर्स त्यातली एक. मार्च २०११च्या भूकंप आणि त्सुनामीने सेंदाईचा परिसर उद्ध्वस्त झाला, त्याला जेमतेम महिना झालेला असताना तो ऑगस्टाला खेळला. कट, म्हणजे दोन फेऱ्यांनंतरची छाटणी, पार करणारा तो एकटाच हौशी खेळाडू होता. २०१३मध्ये व्यावसायिक झाला आणि पहिल्याच वर्षी जपान टूर या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत कमाईच्या यादीत अव्वल आला. त्याआधी कुठल्याही नवोदिताला हे जमलं नव्हतं.

शीर्षकातला मुद्दा आकड्यांनी सांगतो. अमेरिकेच्या पीजीए टूरवर आठ फुटांवरून पट, म्हणजे पटर या क्लबने ग्रीनवर ढकललेला फटका, भोकात जाण्याची शक्यता साधारण निम्मी असते, म्हणजे सरासरी दीड फटका लागतो. एकात घातला तर अर्धा स्ट्रोक (फटका) कमावला, दोन लागले तर अर्धा गमावला. मात्सुयामा आयर्नने, म्हणजे ग्रीन गाठायच्या धातूच्या पात्याच्या क्लबने, आणि ग्रीनच्या कडेच्या चिपने, म्हणजे छोट्या उचलत्या फटक्याने, भरपूर कमावतो, आणि बऱ्याच मोसमांत यातलं बरंचसं पटरने घालवत आला. ऑगस्ट २०१७मध्ये फायरस्टोनच्या मैदानावर शेवटच्या दिवशी ६१ फटक्यांत फेरी संपवून तो जिंकला. तेव्हा तो नुकताच जागतिक क्रमवारीत दुसऱ्या स्थानापर्यंत जाऊन आला होता. त्यानंतर थेट एप्रिल २०२१पर्यंत एकही विजय नाही. मधे डाव्या हाताची दुखापत झाली हे खरं, पण साडेतीन वर्षांचा हिशेब नुसत्या दुखापतीने लागत नाही.

२०२१च्या सुरुवातीला त्याने हिदेनोरी मेझावा यांना प्रशिक्षक म्हणून घेतलं. त्याआधी बहुतेक सगळं स्वतःचं स्वतःच चालायचं. मास्टर्सच्या तिसऱ्या दिवशी पावसाने खेळ थांबला, तो वेळ त्याने गाडीत फोनवर खेळत काढला आणि परत येऊन शेवटचे आठ होल सहा अंडरमध्ये, म्हणजे पारपेक्षा (होलला ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा) सहा फटके कमी घेऊन, खेळला. फेरी ६५ची, आघाडी चार स्ट्रोकची.

रविवारचा, म्हणजे शेवटच्या दिवसाचा, १५वा होल बारकाईने बघण्यासारखा आहे. आघाडी अजून चारचीच, दुसऱ्या फटक्याला हातात ४-आयर्न. फटका चुकला नव्हता, उलट जास्तच छान लागला. चेंडू ग्रीन ओलांडून उतरत १६व्या होलच्या तळ्यात गेला. पेनल्टी, चिप, बोगी, म्हणजे पारपेक्षा एक फटका जास्त. सोबत खेळणाऱ्या झँडर शॉफलेने सलग चौथी बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी, मारून अंतर दोनवर आणलं. मग १६व्यावर शॉफलेचा टी-शॉट, म्हणजे होलचा पहिला फटका, पाण्यात जाऊन ट्रिपल बोगी झाली नसती तर काय झालं असतं, सांगता येत नाही. शेवटी मात्सुयामाने १८व्यावर बोगी करून एका स्ट्रोकने जिंकलं. मेजर जिंकणारा तो पहिला जपानी पुरुष. जपानी बायकांनी हे त्याच्या खूप आधी केलं होतं, हिसाको हिगुचीने १९७७मध्येच. बॅग सांभाळणाऱ्या कॅडी शोता हायाफुजीने झेंडा जागी ठेवला आणि टोपी काढून मैदानाला वाकून नमस्कार केला.

आता ३-वुड या लांब पल्ल्याच्या क्लबची गोष्ट. २०१४च्या मेमोरियल स्पर्धेत ७२व्या, म्हणजे शेवटच्या होलवर टी-शॉट मनासारखा गेला नाही म्हणून त्याने ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारायचा क्लब, जमिनीवर आपटला. जोरात नव्हे, पण डोकं तुटलंच. तरी त्याने बर्डी मारली. बरोबरी फोडणाऱ्या प्लेऑफमध्ये ड्रायव्हर नसल्यामुळे ३-वुडने टी-शॉट घ्यावा लागला, आणि पार वाचवून केव्हिन नाला हरवलं. जानेवारी २०२२मध्ये हवाईत सोनी ओपनच्या प्लेऑफला त्याच क्रमांकाच्या क्लबने सुमारे २७५ यार्डांवरून चेंडू भोकाजवळ तीनेक फुटांवर ठेवला आणि ईगल, म्हणजे पारपेक्षा दोन फटके कमी. त्याच वर्षी जूनमध्ये पुन्हा मेमोरियल, पुन्हा ३-वुड, आणि यावेळी स्पर्धेतून बाद. नेम धरायला सोपं जावं म्हणून क्लबच्या तोंडावर पांढरा रंग लावलेला होता. नियम ४.१ सांगतो की क्लबच्या डोक्यावर असं काही लावून त्याची कामगिरी बदलता येत नाही. खाचांवर रंगाचा थर आला की चेंडू आणि धातू यांच्यातलं घर्षण बदलतं, त्यासोबत फिरकीही. असा क्लब नुसता बॅगेत राहिला तर शिक्षा नाही, पण एकदा मारला की संपलं. त्याने तो पहिल्याच होलवर वापरला होता.

अलीकडचे विजय पटरने साथ दिल्याचे आहेत. ऑगस्ट २०२४मध्ये पॅरिसला ऑलिंपिक ब्राँझ मिळालं. तीन वर्षांपूर्वी टोकियो ऑलिंपिकमध्ये कासुमिगासेकीच्या मैदानावर, जिथे २०१० साली आशियाई स्पर्धा जिंकली तिथेच, सात जणांच्या प्लेऑफमध्ये ते हुकलं होतं. लगेच मेंफिसला सेंट ज्यूड स्पर्धा जिंकली, तीही बदली कॅडी घेऊन, कारण हायाफुजीचा पासपोर्ट लंडनमध्ये चोरीला गेला होता. जानेवारी २०२५मध्ये हवाईतल्या कपालुआला ६५, ६५, ६२, ६५, एकूण २५७, म्हणजे ३५ अंडर. पीजीए टूरवर ७२ होलमध्ये पारखाली इतकं कोणी गेलं नव्हतं. मात्र कपालुआचा पार ७३, फेअरवे, म्हणजे ग्रीनपर्यंतची गवताची वाट, ऐसपैस, आणि वारा पडला की तिथे सगळेच अंडर जातात. आधीचा ३४चा विक्रमही तिथलाच. त्यापेक्षा फेब्रुवारी २०२४ची रिव्हिएराच्या मैदानावरची शेवटची फेरी शोधून बघा. सहा स्ट्रोक मागून सुरुवात, नऊ बर्ड्या, एकही बोगी नाही, ६२. त्यात १५ आणि १६ या लागोपाठच्या होलवर त्याच्या आयर्नने चेंडू भोकापासून फूटभरसुद्धा लांब ठेवला नाही, त्यामुळे पटरला उडवायला काही उरलंच नव्हतं.