फरशीवरच्या रेघा

आमच्या बाहेरच्या खोलीत फरशीवर सध्या खडूच्या १४ रेघा आहेत आणि ३ ढग. त्या पुसायच्या नाहीत, असं वचन धाकट्याने घरातल्या प्रत्येकाकडून घेतलंय. माझ्याकडून दोनदा घेतलं, कारण फरशी मी पुसते. त्यामुळे रोज सकाळी ओलं फडकं रेघांच्या कडेकडेने फिरवते. तेवढ्या पट्ट्यात धूळ साठली आहे. साठू दे.

सुरुवात एका रविवारी झाली. धाकटा पालथा पडून फरशीवर गाल टेकवून लोळत होता. एकदम म्हणाला, "आई, ऊन पुढे आलंय."

"कुठे?"

"आत. काल या फरशीवर नव्हतं."

ही दक्षिणेकडची खिडकी. उन्हाळ्यात तिच्यातून आत येणारं ऊन कट्ट्याच्या फारसं पुढे सरकत नाही. आता दुपारी ते चांगलं खोलीत उतरतं. मी आजवर हे फक्त पडदा ओढण्यापुरतं पाहिलं होतं. त्याने मात्र दप्तरातून खडू आणला आणि ऊन जिथे संपत होतं तिथे रेघ मारली. दुसऱ्या दिवशी शाळा. मग दुपारची रेघ कोण मारणार? घरात त्या वेळी एकट्या त्याच्या आजी असतात. "फरशीवर लिहायचं नसतं" हे वाक्य या घरात सगळ्यांत जास्त वेळा त्यांनीच म्हटलेलं आहे, पण नातवाने गळ्यात हात टाकून सांगितलं, "आजी, घड्याळाचे दोन्ही काटे वर एकत्र आले की मारायची." संपलं. त्या दिवसापासून त्या आमच्या मुख्य निरीक्षक आहेत.

त्यांचे गुडघे दुखतात, खाली वाकवत नाही. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून घरी आले, तर त्यांच्या काठीच्या टोकाला रबरबँडने खडू बांधलेला. खुर्चीत बसूनच रेघ! मी बघतच राहिले. ती काठी त्या हल्ली भिंतीला उलटी टेकवून ठेवतात, खडू झिजू नये म्हणून.

पाचव्या दिवशी ऑफिसात त्यांचा फोन आला. त्यांचा फोन अवेळी आला की माझ्या छातीत धस्स होतं. "अगं, बारा वाजलेत आणि ढग आलेत. रेघ कुठे मारू?" मी मीटिंगमधून उठून बाहेर आले होते, पण प्रश्न खराच महत्त्वाचा होता. कालच्याच्या पुढे अंदाजाने मारली तर ते खोटं झालं असतं, आणि तो दिवस रिकामा सोडला तर संध्याकाळी शाळेतून आल्यावर त्याचा चेहरा कोणी बघायचा? म्हटलं, "आई, ढग काढा." त्यांनी ढग काढला. चांगला गुबगुबीत निघाला.

दोन रेघांमधलं अंतर थोरलीने मोजलं. पट्टीने मोजायच्या आधी बोटांनी मोजलं: साधारण दोन बोटं. ती सहावीत आहे, त्यामुळे या घरात कारणं सांगण्याचं काम तिचं. टेबलावरच्या दिव्याभोवती चेंडू तिरपा धरून फिरवत तिने धाकट्याला सांगितलं, की पृथ्वी साडेतेवीस अंशांनी कललेली आहे आणि या दिवसांत दुपारचा सूर्य रोज साधारण ०.४ अंशाने खाली उतरतो. सूर्य खाली, म्हणून ऊन आत. धाकट्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग सूर्याला कळतं का आपण रेघ मारली ते?" थोरलीने चेंडू खाली ठेवला.

खरं तर हे दिवस वर्षातले सर्वांत घाईचे. दिवस लहान होण्याचा वेग शरद संपाताच्या, म्हणजे दिवस-रात्र जवळजवळ सारखी असते त्या दिवसाच्या आसपास, २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास, सर्वांत जास्त असतो. मला ते आकड्यांआधी सकाळी कळतं. तोच गजर, तीच वेळ, पण खिडकीबाहेर अजून काळोख, आणि पांघरुणाखालून आवाज येतो, "आई, अजून रात्रच आहे." यावर माझ्याकडे उत्तर नसतं, कारण त्याचं म्हणणं दिसायला अगदी बरोबर असतं.

रात्रीचं वेगळंच. झोपताना पंखा हवा आणि पहाटे चारला नको. आभाळ निरभ्र झालं की जमिनीची ऊब रात्रभर वर निघून जाते, अडवायला ढग नसतात. त्यामुळे चारच्या सुमारास आम्ही सगळे जागे होतो आणि सगळेच झोपेचं सोंग घेतो. जो आधी हलेल त्याने उठायचं, असा न बोललेला नियम. यांचा श्वास अशा वेळी इतका संथ होतो की मला हसू आवरत नाही, आणि हसले की मी हरले. पंखा बंद करून परत येईपर्यंत माझ्या जागेत एक छोटं शरीर आडवं झालेलं असतं. त्याचे गार पाय पोटरीला लागतात तेव्हा मी अगदी जागी होते, आणि मला ती दहा मिनिटं फार आवडतात.

लांब बाह्यांचे कपडे बाहेर काढायची वेळ झाली म्हणून कपाट उघडलं. थोरलीची पँट घोट्याच्या वर. किती? धाकट्याने बोटं लावून बघितली आणि मोठ्याने जाहीर केलं, "दोन बोटं! ताईपण उन्हासारखी पुढे आली." ती आधी चिडली, मग आरशासमोर जाऊन टाचा जोडून उभी राहिली.

फाटकाजवळचं कोळ्याचं जाळं ही दुसरी गोष्ट. पहाटेच्या दवाने ते असं उजळतं, की कालपर्यंत होतं की नव्हतं असा प्रश्न पडावा. आजी सवयीने झाडू घेऊन निघाल्या. धाकटा मध्ये उभा. त्याच्या बाईंनी सांगितलं होतं, की असं गोल जाळं विणणारे बरेच कोळी जुनं जाळं खाऊन टाकतात आणि रोज नवं विणतात. आजींनी जाळ्याकडे जरा वेळ बघितलं. "रोजच्या रोज आवरते म्हणजे," एवढंच म्हणाल्या आणि झाडू परत कोपऱ्यात नेऊन ठेवला. आता आम्ही सगळे फाटकातून वाकून बाहेर पडतो. यांची उंची सगळ्यांत जास्त, म्हणून यांना सगळ्यांत जास्त वाकावं लागतं.

संपाताजवळच्या सुट्टीच्या दिवशी मुलांनी अंगणात काठी रोवली आणि तासातासाला सावलीच्या टोकावर खडा ठेवला. संध्याकाळी सगळे खडे जवळजवळ सरळ रेषेत, पश्चिमेकडून पूर्वेकडे. इतर दिवसांत ही रेघ वाकडी होते, या दिवसांत सरळ. यांनी खूश होऊन सांगितलं, की या दिवशी दिवस आणि रात्र बरोबर बारा-बारा तासांची. थोरलीने वर्तमानपत्रातल्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा काढून वजाबाकी मांडली. दिवसच बारा तासांहून सात-आठ मिनिटांनी मोठा निघाला! वातावरण किरण वाकवतं, म्हणून सूर्य क्षितिजाखाली असतानाच दिसू लागतो, शिवाय उगवणं-मावळणं त्याच्या वरच्या कडेवरून मोजतात. खरी बरोबरी आणखी काही दिवसांनी होते. यांनी हार मान्य केली आणि वजाबाकीचा तो कागद पाकिटात ठेवला. अजून तिथेच आहे, मी बघितला.

आता पैज लागली आहे. २१-२२ डिसेंबरला ऊन खोलीत सर्वांत आत येईल आणि मग माघारी फिरेल. ते कुठपर्यंत येईल, तिथे प्रत्येकाने फुली मारायची. यांची टेबलाच्या पायाशी. थोरली आधी गणित करणार म्हणते, वहीवर हात आडवा धरून बसली आहे. माझी तिसऱ्या फरशीच्या सांध्यावर, काही कारण नाही, तिथे ऊन छान दिसेल म्हणून. आजींनी त्यांच्या खुर्चीच्या पुढ्यात मारली, पार लांब. "थंडीत पायांवर आलं तर बरं वाटेल," म्हणाल्या.

धाकटा फुली आणि खिडकी यांच्यामध्ये बराच वेळ उकिडवा बसून होता. आज दुपारची रेघ मारून झाल्यावर आजी हात धुवायला आत गेल्या. तेवढ्यात त्याने त्यांच्या खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि ती खिडकीकडे ओढली. दोन बोटं.