तुम्ही विचारलंत म्हणून: मुलीला सिनेमातल्या चुका दाखवता का?

विज्ञानकथा लिहिते म्हटल्यावर शाळेच्या कार्यक्रमात, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या गच्चीवर हा प्रश्न हमखास येतो: "मुलीबरोबर अंतराळातले सिनेमे बघता, तेव्हा 'हे खोटं आहे, असं होत नसतं' म्हणून तिला सांगता की नाही?"

सिनेमा चालू असताना नाही सांगत. निर्वात पोकळीत आवाज पोचत नाही हे तिला पहिलीतच कळलं होतं. तरी पडद्यावर दोन यानं आदळून धडाम वाजलं की ती उशी घट्ट धरून बसते, आणि मला ते आवडतं. गोष्टीने एक खोटं सांगावं, माझी ना नाही. मीही प्रत्येक कथेत एक तरी सांगते. त्यानंतर मात्र सगळं त्या खोट्याला धरून, नेकीने चालायला हवं. 'असं झालं तर?' एकदा विचारलं की त्याचे परिणाम टाळायचे नाहीत.

'इंटरस्टेलर' (2014) मला प्रिय आहे तो यासाठीच. त्यातल्या कृष्णविवराजवळच्या ग्रहावर एक तास काढला की पृथ्वीवर सात वर्षं उलटतात. बाप यानात परततो तेव्हा मुलांचे 23 वर्षांचे निरोप साठलेले असतात. माझे डोळे वाहत होते आणि शेजारी हिशेब चालू होता. "आई, तू तिथे पाच तास थांबलीस तर मी 44 वर्षांची होईन. तुझ्यापेक्षा मोठी! मग तू माझं ऐकायचंस."

हो, ऐकेन. एका तासाला सात वर्षं हे टोकाचं प्रमाण आहे, पण वेळ सगळीकडे सारख्या गतीने जात नाही हे खरंच आहे. फोनवरचा नकाशा त्यावरच चालतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,000 किलोमीटर उंचीवर फिरतात. तिथे गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून घड्याळ पुढे जातं. उपग्रहाच्या वेगामुळे ते थोडं मागेही पडतं. वजाबाकी करून रोज 38 मायक्रोसेकंद पुढे. ही दुरुस्ती केली नाही तर नकाशावरची चूक दिवसाला सुमारे दहा किलोमीटरने वाढत जाईल. हे तिला रिक्षात बसून सांगितलं, ड्रायव्हरदादांचा फोन समोरच लावलेला होता. उतरेपर्यंत तिने त्यावरची नजर काढली नाही.

माझा खरा आक्षेप दुसऱ्याच गोष्टीला आहे, आणि तो मी तिच्यासमोर स्पष्ट बोलते. सिनेमातला शास्त्रज्ञ बहुधा एकटा असतो, विक्षिप्त असतो, आणि शेवटच्या दहा सेकंदांत एक बटण दाबून जग वाचवतो. 23 ऑगस्ट 2023 च्या संध्याकाळी चांद्रयान-3 उतरताना आम्ही टीव्हीसमोर होतो. माझी लेक तेव्हा लहान होती. तिने विचारलं, "ते सगळे नुसते बसलेत का? कुणी बटण का दाबत नाही?" कारण उतरण्याची ती शेवटची सुमारे वीस मिनिटं विक्रम, म्हणजे चंद्रावर उतरणारं यान, स्वतःच निर्णय घेत होता. माणसांचं काम आधीच झालेलं होतं. 2019 मध्ये चांद्रयान-2 चा, आधीचा विक्रम चंद्रावर आदळला होता. त्यानंतर इस्रोच्या लोकांनी काय काय बिघडू शकतं याचा विचार करून रचना बदलली. पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, उतरायची जागा 500 मीटर लांब-रुंद होती ती चार किलोमीटर बाय 2.4 किलोमीटर केली. 'असं झालं तर?' हा प्रश्न शेकडो माणसांनी मिळून, वर्षानुवर्षं, कागदावर आणि यंत्रांवर विचारला. मुलीला सिनेमातून काही मिळायचं असेल तर हे मिळावं असं मला फार वाटतं, आणि ते तिथे क्वचित मिळतं. ती उणीव घरी भरून काढणं मला माझं काम वाटतं.

सध्या ती स्वतः गोष्ट लिहितेय. विक्रम आणि त्याच्यातून उतरलेला प्रज्ञान हा रोव्हर, म्हणजे चाकांवर फिरणारी गाडी, चंद्राच्या एका दिवसासाठी, म्हणजे आपल्या 14 दिवसांसाठी बनवले होते. त्यानंतरच्या कडाक्याच्या रात्रीतून ते पुन्हा जागे झाले नाहीत. याचं तिला अतोनात वाईट वाटतं. म्हणून तिच्या गोष्टीतला रोव्हर रात्र झाली की स्वतःला मातीत पुरून घेतो. मी आधी हसणार होते, मग विक्रमवरच्या चेस्ट या मातीचं तापमान मोजणाऱ्या उपकरणाच्या नोंदी आठवल्या. दिवसा पृष्ठभागावर 50 अंश सेल्सियसच्या वर आणि आठ सेंटिमीटर खाली उणे दहाच्या आसपास! चंद्राची माती उष्णता फारच कमी वाहून नेते, त्यामुळे थोडं खोल गेलं की दिवस-रात्रीचा फरक जवळपास पोचतच नाही. कल्पना पक्की आहे. फक्त सकाळ झाली हे मातीखाली गाडलेल्या रोव्हरला कळणार कसं, यावर काल जेवताना आमचं अडलंय. ती म्हणते, एक तार बाहेर ठेवायची.